साडेनऊची मीटिंग

चारठाणा माझं माहेर. गोकुळेश्वराची बारव बघायला लांबून माणसं येतात, पण आमच्या घरात हल्ली विषय असतो तो औंढ्याकडच्या लायगोचा. गुरुत्वीय लहरी टिपणारी ही वेधशाळा शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात होतेय. 2016 मध्ये केंद्राची तत्त्वतः मंजुरी मिळाली, 2023 मध्ये 2,600 कोटींची. पुण्याची आयुका ही खगोलसंस्था त्यात आहे, अमेरिकेची लायगो प्रयोगशाळाही. 4 किलोमीटरच्या दोन भुजा आणि 40 किलोचे टांगलेले आरसे. जमिनीची बारीकशी थरथरही त्यांना खपत नाही.

भावाची मुलगी मेकॅनिकलची, एम.टेक.ला कंपनांवरच काम केलेली. तिला म्हटलं, या विषयातल्या परदेशी गटाला लिही. तिने मेल दाखवला. ‘रिस्पेक्टेड सर’पासून दहावीच्या टक्क्यांपर्यंत सगळं त्यात होतं, विचारलेलं मात्र काहीच नव्हतं.

“आत्या, मग लिहू तरी काय?”

“त्यांचा पेपर वाचताना जे अडलं, तेच.”

तिला अडलं होतं ते शेतातलं. काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगते. अशा जमिनीवरचा पाया ऋतूगणिक किती कलतो, हे तुम्ही कुठे धरलंय? मोजून तीन ओळी. उत्तर आलं, पाठोपाठ मीटिंगचं बोलावणंही.

खरी पंचाईत पुढेच होती. तो गट कॅलिफोर्नियातला. तिथे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. “एवढ्या रात्री कुणाशी बोलते ही?” वहिनी कुजबुजली. मी भावालाच शेजारी बसवलं. त्याला इंग्रजी फारसं उमगलं नाही, पण पोरगी समोरच्याला अडवून प्रश्न विचारते, हे दिसलं. पुढच्या वेळी रेंज मिळावी म्हणून त्यानेच गच्चीवर खुर्ची टाकली.

बोलणं गच्चीवरून जमतं, प्रत्यक्ष परदेशी जायचं तर प्रश्न वेगळे. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने स्त्री शास्त्रज्ञ-अभियंत्यांसाठी भारत-अमेरिका फेलोशिप सुरू केली, ती 3 ते 6 महिन्यांची. ही मुदत मला शहाणपणाची वाटते. एवढ्या दिवसांसाठी घरचे तयार होतात. पण एरवी परिषदांना बहुतेक ठिकाणी रीत अशी, की आधी पदरचे घाला, मग बिलं लावा. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलीकडे विमानाच्या तिकिटाएवढे पैसे कुठून असणार? ते नवऱ्याकडे नाहीतर बापाकडे मागावे लागतात, आणि मागितले की जायचं की नाही तेही तेच ठरवतात.

म्हणून संस्थाचालकांना माझी एकच विनंती आहे. मुलींच्या सत्काराच्या शाली कमी करा आणि प्रवासाची उचल आधी द्या.