आईला आत्ताच सांग

चि. मुक्तास,


फोनवर आपण दोघी नुसत्या हसत बसलो असतो आणि कामाचं राहून गेलं असतं, म्हणून पत्र. ‘पाचवा आठवडा चालू आहे, पण मावशी, तीन महिने कुणाला सांगायचं नाही हं, आईलाही नाही,’ असं तू कळवलंस. त्या ‘आईलाही नाही’शी माझं भांडण आहे. पण आधी निकडीचं.

पाचवा आठवडा ऐकून तुझा नवरा निखिल बोटं मोजत बसला असेल. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि गर्भ राहतो साधारण दोन आठवड्यांनी. म्हणून पाळी चुकते तेव्हाच चार आठवडे खात्यावर जमा असतात. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नळी सहाव्या आठवड्याच्या सुमाराला मिटते. पुष्कळ जणी तोवर दवाखान्याची पायरीही चढलेल्या नसतात. त्या नळीसाठी लागणारी फॉलिक ॲसिडची गोळी सुरू केली नसशील तर आजच कर. नेहमीचा डोस रोज ४०० मायक्रोग्रॅम. तुझी चालू असलेली थायरॉइडची गोळी मात्र आपल्या मनाने थांबवू नकोस. डॉक्टरांना लगेच कळव, या दिवसांत तिचा डोस बहुतेकदा वाढवावा लागतो.

सोनोग्राफीची घाई नको. आत्ता केलीस तर पिशवी दिसेल, ठोके दिसणार नाहीत आणि आठ दिवस झोप उडेल. सातव्या आठवड्यात गेलीस की बहुधा ठोके दिसतात. मात्र पोटात एका बाजूला जोराची कळ आली, रक्त गेलं, घेरी आली, तर कुठल्याही आठवड्याची वाट न बघता निघायचं. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहिनीत राहिला असेल तर ते जिवावरचं असतं.

आता मळमळ. तिला सकाळची म्हणतात ते खोटं, ती तिन्हीत्रिकाळ असते. सहाव्या आठवड्याच्या आगेमागे सुरू होते, नवव्याच्या सुमाराला कळस गाठते आणि बहुतेकींची चौदा-सोळापर्यंत ओसरते. कुकरच्या शिट्टीबरोबर येणारा भाताचा वास, लसणाची फोडणी, कंपनीच्या बसमध्ये शेजारणीच्या डोक्याचं तेल, काहीही पोट ढवळून काढतं. उशाशी कुरमुऱ्यांचा डबा ठेव, डोळे उघडले की पडल्या पडल्या चार दाणे तोंडात टाक, मग ऊठ. पोट रिकामं ठेवायचं नाही, दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं. फोडणी घालणं हे पुढचे दोन महिने निखिलचं काम. पाणीसुद्धा टिकेनासं झालं, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर; कधी कधी सलाइन लागतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ‘आमच्या वेळी नव्हती बाई इतकी नाजूक’ असं कुणी म्हणालंच, तर २०२३ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन सांग. गर्भ आणि वार जीडीएफ१५ नावाचं एक संप्रेरक सोडतात. ज्या बाईच्या अंगात ते आधी कमी असतं, तिला ते जास्त बाधतं. मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही.

आणि इथेच माझं भांडण सुरू होतं. बाईला उभं राहवत नाही, संध्याकाळी सातला डोळे मिटतात, स्वयंपाकघरात जाववत नाही, नेमके तेच आठवडे आपण तिला गुपित सांभाळायला लावतो. डोहाळजेवण करतो सातव्या महिन्यात, पाटाभोवती पंचपक्वान्नं मांडून, तोवर ती सगळं खायला लागलेली असते!

ही रीत का पडली ते मला कळतं. दिवस गेल्याचं कळल्यानंतरही दहात एक ते दोन वेळा गर्भ टिकत नाही आणि त्यातलं बहुतेक बारा आठवड्यांच्या आत घडतं. त्यातल्या निम्म्याच्या आसपास वेळा गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. जिना चढला म्हणून, स्कूटरवर बसली म्हणून, पिकल्या पपईची फोड खाल्ली म्हणून तसं होत नाही. सगळ्या वाड्याला पेढे वाटून मग सगळ्या वाड्याला नको ते सांगत फिरावं लागू नये, एवढाच त्या गुप्ततेचा अर्थ. पण आपल्याकडे तिसऱ्या महिन्यात चोरचोळीही होती. घरातल्या चार बायका गुपचूप ओटी भरायच्या. गुपित होतं ते गावाशी, घराशी नव्हे.

म्हणून तू एकच विचार कर. देव न करो, पण काही विपरीत झालं, तर ज्यांच्यापाशी रडशील त्यांना आत्ताच कळू दे. बाकीच्यांना चौथ्या महिन्यात. ऑफिसात तुझ्या मॅडमना सांगून ठेव, नाहीतर सारखी बाथरूमकडे का धावते यावर टीमचे तर्क चालतील. गर्भ आपोआप गेला तरी सहा आठवडे भरपगारी रजा कायद्याने मिळते, हेही माहीत असू दे. पुष्कळ जणी तापाचं कारण सांगून चौथ्या दिवशी कामावर हजर होतात.

तर आज रात्री आईला फोन कर. मला आधी कळलं म्हणून ती रुसेल आणि दुसऱ्या दिवशी डबे भरून पुण्याच्या गाडीत बसेल. रुसव्याचं मी बघते.

तुझी,
मावशी