वकिलाची विवेकबुद्धी : पडद्यावरची आणि कोर्टातली

टी.व्ही.वरच्या कोर्टाचे आपल्या घरांना मोठे वेड. सोनी वाहिनीवर २०१० ते २०१५ या काळात ‘अदालत’ ही मालिका चालली. रोनित रॉय यांनी उभा केलेला के. डी. पाठक हा वकील आमच्या ढोकीच्या वस्तीतही लहानथोरांना पाठ झाला. तो निर्दोष माणसासाठीच लढायचा आणि शेवटी खरा गुन्हेगार भर कोर्टात सापडायचा. इतर मालिकांतही एक प्रसंग ठरलेला असतो. आपला अशीलच गुन्हेगार आहे हे वकिलाला कळते, रात्रभर त्याला झोप लागत नाही, आणि सकाळी तो वकीलपत्र सोडून देतो. आपण म्हणतो, वकील असावा तर असा!

समाजबांधवांनो, जरा थांबून विचार करू. असा वकील सर्वांत आधी कोणाला दारातून परत पाठवील? संशयावरून उचललेल्या आपल्याच पोराला. ज्याला गाव आधीच चोर ठरवून बसले आहे, तो वकिलाच्या मनालाही चोरच वाटणार. म्हणून बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम वेगळे सांगतो. आरोपीच्या दोषाबद्दल वकिलाचे स्वतःचे मत काहीही असो, त्याने बचाव केला पाहिजे. कारण पुरेशा पुराव्यावाचून कोणालाही शिक्षा होता कामा नये. संविधानाच्या कलम २२ ने अटक झालेल्या माणसाला पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला आहे. अमक्या आरोपीचे वकीलपत्र कोणी घ्यायचे नाही, असे वकील संघांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बेकायदा ठरवले.

हे बोलायला सोपे, घरात सोसायला अवघड. आमच्या ओळखीतली एक मुलगी वकील झाली. बाप साखर कारखान्याचा जुना कामगार, पोटाला चिमटा काढून शिकवले. पोरगी ज्या वकिलांच्या हाताखाली लागली, त्यांच्याकडे ॲट्रॉसिटीच्या आरोपीचे वकीलपत्र आले. बाप कडाडला, “तुला याच्यासाठी शिकवलं व्हय?” ती माझ्याकडे आली. “काका, तुम्हीच सांगा. काम सोडू का?”

मी तिला एवढेच म्हटले, की खास कारण असेल तर वकीलपत्र नाकारायची मुभा नियमातच आहे. तुझे मन घेत नसेल तर सरळ सांग. पण राहिलीस तर दोन गोष्टी पाळ. साक्षीदाराच्या घरी निरोप घेऊन जायचे नाही, आणि फिर्यादी बाईच्या जातीवरून, अब्रूवरून प्रश्न लिहून द्यायचा नाही. ती राहिली. बाप आठ दिवस बोलला नाही. नंतर त्यानेच विचारले, “तिकडून आपल्या माणसाचा वकील कसा हाय?” पोरगी म्हणाली, “बाबा, सरकारी वकील कागद न वाचताच आले होते.” बाप बराच वेळ गप्प बसला.

मालिका आपल्याला दाखवत नाहीत ते हेच. आरोपीच्या वकिलाची घालमेल दाखवतात, सरकारी वकिलाची झोप कधी उडालेली दाखवत नाहीत. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१५ साली आलेल्या ‘कोर्ट’ चित्रपटाने मात्र ते दाखवले. नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी त्यात लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला. त्याच्याविरुद्धची सरकारी वकील दुष्ट नाही. ती घर सांभाळते, स्वयंपाक करते, कोर्टात कलमे वाचून दाखवते. कर्तव्य करते, पण समोरच्या म्हाताऱ्या माणसाचे काय होते आहे, हा प्रश्न तिला पडत नाही. विवेकाशिवाय कर्तव्य असे दिसते.

आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचा नितीन आगे आठवा. एप्रिल २०१४ मध्ये त्या कोवळ्या पोराचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. कितीतरी साक्षीदार फितूर झाले होते. आपला संताप आरोपीच्या वकिलावर निघतो. पण साक्षीदाराला उभे राहण्याचे बळ कोणी द्यायचे होते, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या शेजारच्या कसबे तडवळ्याला १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब परिषदेसाठी आले होते. जुनी माणसे त्यांना ‘बालिस्टर’ म्हणत. त्या बॅरिस्टरापुढे महाडला डिसेंबर १९२७ मध्ये असाच पेच पडला होता. हजारो लोक चवदार तळ्यावर जायला सिद्ध होते आणि हातात कोर्टाचा मनाई हुकूम होता. मन तळ्याकडे ओढत होते, कायदा थांब म्हणत होता. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. पण तळ्यावरचा हक्क सोडला नाही. तो सारा निर्धार त्यांनी दाव्यात ओतला. तारखा, कागद, पुरावे, अपिले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. जवळजवळ दहा वर्षे! मालिकेच्या एका भागात हे मावत नाही.

म्हणून वकिलाची विवेकबुद्धी कोणाचे वकीलपत्र घेतले यावरून जोखू नका. घेतलेले काम तो कसे करतो, यावरून जोखा. आणि आपणही हक्क माहीत करून घेऊ. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातींच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ ने पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण व प्रवासखर्च मागता येतो. जामिनाच्या वेळी पीडिताला आपले म्हणणे मांडता येते. १९९५ च्या नियमांनुसार चांगला वरिष्ठ वकील द्या, अशी मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. पुढच्या तारखेला फिर्यादीला आणि साक्षीदाराला एकटे जाऊ देऊ नका. वस्तीतली चार माणसे धाराशिवच्या एस.टी.त त्यांच्याबरोबर बसली, तर फितुरी तिथेच अर्धी संपेल.

जयभीम!