वहीतला रकाना

वर्धेहून अमरावती काही फार लांब नाही. पुलगाव, धामणगाव, चांदूर ही स्थानके मागे टाकीत पॅसेंजर बडनेऱ्याला पोहोचते आणि तेथून अमरावती जवळच. परंतु २००७ च्या नोव्हेंबरात बारा मुली, त्यांच्या क्रीडाशिक्षिका आणि मी असे चौदा जण त्या गाडीत बसलो, तेव्हा माझी तयारी परदेशी निघाल्यासारखी होती. माझी मुलगी नववीत होती. शाळेच्या बास्केटबॉल संघातून ती निमंत्रित संघांच्या एका स्पर्धेसाठी निघाली होती. लग्नकार्याखेरीज रजा न घेणारा माणूस म्हणून बँकेत माझी ख्याती होती. त्यामुळे चार दिवसांच्या रजेचा अर्ज पाहून सहकाऱ्यांना नवल वाटले.

संघासोबत आलेला पालक मी एकटाच. कारण म्हणून मी जेवणाचे नाव पुढे केले होते. आमच्या घरी सूर्यास्तानंतर जेवण नाही, आणि स्पर्धेचे बरेच सामने दिव्यांच्या उजेडात, सात वाजल्यानंतर. तेव्हा साडेचार-पाचला मुलीला दशमी, तिळाची चटणी आणि दही खाऊ घालायचे, हे माझे काम. सामन्यात पाणी पिण्याची तिला मोकळीक होती. पत्नीने दिलेल्या दशम्या चार दिवस पुरतील असा हिशेब होता. पहिल्याच संध्याकाळी साऱ्या संघाने मिळून तो डबा रिकामा केला आणि पुढचे तीन दिवस मी अमरावतीत बिनकांद्याची भाजी शोधत हिंडलो.

अमरावती हे व्यायामाचे जुने पीठ. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथील पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. हे सारे मी मुलींना गाडीत सांगत होतो. त्या ऐकल्यासारखे करीत होत्या.

खरे कारण जेवण नव्हतेच. मला तिचा खेळ पाहायचा होता, आणि पाहायचा म्हणजे मोजायचा होता. बँकेतून मी लाल कापडी पाठीची एक वही आणली होती. तिच्यात रकाने आखले होते : किती वेळा चेंडू बास्केटकडे मारला, किती वेळा पडला, किती फ्री थ्रो, किती फाउल, किती वेळा चेंडू हातचा गेला. सारे रकाने एकाच क्रमांकाचे, सातचे. त्या काळच्या नियमाप्रमाणे जर्सीचे क्रमांक ४ ते १५ असत, म्हणजे बरोबर बारा खेळाडू. माझ्या वहीत मात्र एकच खाते उघडलेले होते.

पहिल्या दोन सामन्यांत मी बास्केटच्या मागेच उभा राहिलो. "शूट कर! पास देऊ नकोस!" असे माझे ओरडणे चालू होते. तिने पास दिला की माझा चेहरा पडत असावा. तसे मला कोणी सांगितले नाही, पण दुसऱ्या रात्री ती माझ्याजवळ येऊन बसली आणि बुटाची नाडी सोडत म्हणाली, "बाबा, उद्या तुम्ही दुसरीकडे बसाल का? मला दिसणार नाही असं."

मी "बरं" म्हणालो. त्या रात्री मला झोप आली नाही. आपण पदरची रजा खर्चून येथे आलो, दही शोधत उन्हातून हिंडलो, हे सगळे मी मनातल्या मनात तिच्या नावे टाकत होतो. पहाटेपर्यंत तो आकडा बराच मोठा झाला होता.

तिसऱ्या दिवशी, उपांत्य सामन्याला, मी गुणलेखकांच्या टेबलामागे एका कडुनिंबाच्या आडोशाला बसलो. ती खरोखरच मोकळी खेळली. मात्र तिसऱ्या सत्राच्या अखेरीस तिचा पाचवा फाउल झाला. पाच फाउल झाले की खेळाडूला पुन्हा मैदानात येता येत नाही. पंचांनी हाताची पाच बोटे दाखवली. ती बाकावर येऊन बसली आणि मी वही मिटली. माझ्यापुरता सामना संपला होता.

तिच्या जागी १४ क्रमांकाची मुलगी गेली. सेलूकडच्या एका खेड्यातून ती रोज एसटीने शाळेत येत असे. कापसाच्या वेचणीचे दिवस. तिचे आईवडील कोठून येणार! शेवटची दहा मिनिटे मी मैदानाकडे पाहिलेच नाही. पाहत होतो ते बाकाकडे. मुलगी रडत असेल असे मला वाटले होते. ती उभी राहून, घसा फाटेस्तोवर, चौदा क्रमांकाला ओरडून धीर देत होती. मध्यंतरी बाटल्या भरून आणत होती. आम्ही तीन गुणांनी हरलो. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि पाऊण तासाने एका गाडीवर संत्री घासाघीस करून घेत होत्या.

परतीच्या गाडीत बहुतेक जणी पेंगत होत्या. धामणगाव गेल्यावर ती चौदा क्रमांकाची मुलगी माझ्या समोरच्या बाकावर येऊन बसली. थोडा वेळ खिडकीबाहेर पाहून तिने विचारले, "काका, तुमच्या वहीत आहे का? काल माझे किती झाले?"

मी वही उघडली. पान उलटले. चष्मा पुसला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत ताळेबंदात एकही खोटी नोंद केली नाही असे मी अभिमानाने सांगत आलो होतो.

"आठ," मी म्हणालो.

ती हसली. "नाही काका. सहाच."

पुलगावला गाडी बराच वेळ थांबली. मी चहा घेतला नाही. घरी पोहोचल्यावर मुलीला बसवून तिला आठवेल तेवढे विचारून घेतले आणि नव्या पानावर ४ ते १५ असे बारा रकाने आखले. चौदापुढे सहा लिहिले. बाकीच्यांचे थोडेफार तिला आठवले. पाच रकाने मात्र आजही कोरे आहेत.