इड्डू

पहाटे यांनी मला हलवून उठवलं आणि बोटीच्या डेकवर नेलं. आदल्या रात्री नेपल्सहून निघालो होतो. अजून अंधारच होता, वारा बोचत होता आणि समोर समुद्रातून सरळ वर आलेला एक काळा डोंगर उभा होता. आम्ही कठड्याला धरून वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळाने माथ्यावर तांबडा उजेड फुटला, चुलीतल्या निखाऱ्यांवर कुणी फुंकर घालावी तसा, आणि विझला. स्ट्राँबोली.

यांची चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात गेली. धरणांचे पाये, कालवे, बोगदे, सगळं सह्याद्रीच्या काळ्या दगडातलं. लग्नानंतर पहिल्यांदा घाटातून जाताना यांनी मला एसटीच्या खिडकीतून कड्यांचे थर दाखवले होते. हा एकेक थर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत येऊन थिजलेला लाव्हा, म्हणाले होते. दगड असा थिजलेलाच आयुष्यभर हाताळला. एकदा तो वितळलेला बघायचा होता. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी ठरवलं, आता पुढे ढकलायचं नाही.

यात्रा कंपनीबरोबर गेलो नाही. एक महिना आणि मोजून चार मुक्काम. सकाळी बाजारातून भाजी आणायची, दुपारी झोपायचं, संध्याकाळी चालायचं. पहिला आठवडा नेपल्सला काढला. पाँपेईला दोनदा गेलो, कारण पहिल्या दिवशी हे रस्त्यांतच अडकले. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसने गाडलेलं ते गाव; पण त्याचे रस्ते फरसबंद केलेले आहेत ते लाव्हाच्याच दगडांनी. गाड्यांच्या चाकांनी त्या दगडांत खोल चाकोऱ्या पडल्यात. हे खाली बसून त्या चाकोऱ्यांवरून तळवा फिरवत होते. मी मात्र एका बेकरीत थबकले. तिथली जाती माणसापेक्षा थोडीच बुटकी, लाव्हाच्या भोकाभोकांच्या दगडाची, गाढवं जुंपून फिरवायची. आईचं जातं काळ्या दगडाचंच होतं. टाकी लावायला पाथरवट यायचा, त्या आवाजाची आठवण झाली.

स्ट्राँबोलीच्या धक्क्यावर उतरलो तर आम्हाला न्यायला चक्क अ‍ॅपे रिक्षा! आपल्याकडे बारामतीला बनते तीच, पण मूळची इथली. इटालियनमध्ये 'आपे' म्हणजे मधमाशी. गल्ल्या इतक्या अरुंद की मोटार मावतच नाही. गावात रस्त्यावर दिवे नाहीत, रात्री प्रत्येकाच्या हातात विजेरी. पांढरी घरं, काळी वाळू आणि वर तो.

'तो' असंच म्हणतात त्याला. घरमालकीण आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्या डोंगराला नाव घेऊन कधी बोलल्या नाहीत. त्यांच्या बोलीत 'इड्डू', म्हणजे 'तो'. इड्डू आज बरा आहे. इड्डू काल रात्री जोरात होता. त्यांच्या मुलाने आम्हाला अर्थ सांगितला. सिसिलीच्या बोलीतला तो ड अगदी आपल्या ड सारखा लागला कानाला. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, सर्वनामं दरवर्षी शिकवली. आणि लग्नाला एकोणचाळीस वर्षं होऊन मी नवऱ्याचं नाव चारचौघांत घेत नाही, 'हे' म्हणते. आजींना ते कसंबसं समजावलं, तर त्यांनी माझा हात हातात घेतला. ज्याच्याशी आपलं सगळं जगणं बांधलेलं असतं त्याला नाव लागत नाही, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

९२४ मीटर उंचीचा हा डोंगर दोन हजार वर्षांहून जास्त काळ असा धुमसतो आहे. ३ जुलै २०१९ला मोठा स्फोट झाला, त्यात एका पदभ्रमण करणाऱ्याचा जीव गेला. तेव्हापासून वर जाण्यावर कडक निर्बंध आले. आमचे गुडघे तसेही वर नेणार नव्हते. एका रात्री होडीतून मागच्या बाजूला गेलो. तिथे माथ्यापासून समुद्रापर्यंत एकच काळी घसरण आहे, तिला 'शारा देल फुओको' म्हणतात. नावाड्याने इंजीन बंद केलं. आधी वर लाल कारंजं उडालं, मग काही क्षणांनी आवाज पोचला, छातीत बसणारा. तापलेले धोंडे गडगडत खाली आले. वाटेत लालाचे काळे झाले. यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. "बघ, आत्ता दगड झाला," एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता.

मग वारा सुटला. बोटी बंद झाल्या. दोन दिवसांचा मुक्काम पाचांवर गेला आणि पुढच्या खोलीचे पैसे बुडाले, पण मला त्याचं आजही काही वाटत नाही. रात्री पडल्या पडल्या स्फोट ऐकू यायचे. आजी म्हणाल्या होत्या, आवाजाने आम्ही जागे होत नाही, तो गप्प झाला की होतो. मी अंधारात डोळे मिटले. अँजिओप्लास्टीपासून मी रात्री यांचा श्वास ऐकत असते, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

वारा पडल्यावर शेजारच्या लिपारी बेटावर गेलो. तिथे ज्वालामुखीची काळी काच, ऑब्सिडियन, दुकानोदुकानी. पाय घासायला वज्रीसारखा वापरतात तो प्युमिसही इथलाच. त्याच्या खाणी आता बंद आहेत, पण उकरलेला डोंगर अजून पांढराफेक दिसतो. किनाऱ्यावरचा एक खडा यांनी पाण्यात टाकला. तरंगला. दगड तरंगलेला बघून हे लहान मुलासारखे परत परत टाकत राहिले. सालिना बेटावर केपरच्या कळ्या जाड्या मिठात मुरवलेल्या मिळाल्या. वरण-भातावर त्या सुरेख लागतात. व्हल्कानो बेटावर मात्र गंधकाचा वास यांना सोसेना, दुपारीच परतलो.

सिसिलीच्या मिलात्सोहून रात्रीच्या गाडीने रोमला निघालो. समुद्र ओलांडायला मेसिनाला ही अख्खी गाडी बोटीत चढवतात. डबे सोडवून, तुकडे करून, एकेक बोटीच्या पोटातल्या रुळांवर ढकलतात. ते बघायचं म्हणून हे जागणार होते, पण दमून खालच्या बर्थवर झोपी गेले. डबा मागे-पुढे झाला. कुठेतरी लोखंडावर लोखंड आदळलं, धडाम. मग इंजीन सुटलं, दिवे गेले आणि एकदम शांत झालं. मी वरच्या बर्थवरून वाकले आणि कान दिला.