भिलाईची पल्ली

नागपूर सोडलं की गाडी पूर्वेची वाट धरते. गोंदियापर्यंत फलाटावरची बोली आपल्या ओळखीची असते. पुढे सालेकसा, दरेकसा येतं, डोंगर रुळांच्या अंगावर येतात, गाडी बोगद्यात शिरते आणि थोड्या वेळात आपण छत्तीसगडात असतो. डोंगरगडला टेकडीवरचं बमलेश्वरीचं देऊळ दिसू लागलं तसे डब्यातले निम्मे हात जोडले गेले. नोव्हेंबर नुकताच लागला होता. रुळांच्या दोन्ही अंगांना धानाची कापणी चालली होती, कुठे पेंढ्या बांधून झाल्या होत्या, कुठे बायका ओळीने वाकून विळा चालवत होत्या. आमच्या वसईत हे दिवस संपत आले. शेतं इमारतींखाली गेली, तरी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याला भाताची नवी लोंबी आम्ही देवळात नेतो, फादर त्यावर आशीर्वाद मागतात. ती लोंबी आता पुष्कळांना दुसऱ्याच्या शेतातून मागून आणावी लागते.

माझा मावसभाऊ भिलाईला असतो. मावशीचे यजमान साठच्या दशकाच्या सुरुवातीला वसईहून तिकडे गेले, पोलाद कारखान्यात लागले आणि तिकडेच राहिले. दोघंही तिथल्याच मातीत आहेत. २०२५ साली २ नोव्हेंबर, म्हणजे मृतांचा स्मरणदिन, रविवारी येत होता. तेव्हा जायचं ठरवलं.

हा रस्ता मराठी माणसाला परका नाही. अठराव्या शतकात या मुलखावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहत. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताची राजधानी नागपूर, त्यामुळे कचेरीची, कोर्टाची, शाळेची वाट नागपूरकडेच जायची. राजनांदगाव आलं तेव्हा मुक्तिबोधांची आठवण झाली. घरात मराठी आणि लेखणीत हिंदी असलेला हा कवी १९५८ पासून इथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होता. चर्चचा कारभारही नागपूरलाच बांधलेला होता. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ सालचा. रायपूर वेगळं झालं ते १९६४ मध्ये, आणि सुरुवातीची बांधणी जर्मनीहून आलेल्या पॅलोटाइन फादरांनी केली. १९७३ मध्ये रायपूर धर्मप्रांत झाला, २००४ मध्ये महाधर्मप्रांत. तारखा मुद्दाम दिल्या, कारण भिलाईचा कारखाना आणि इथली चर्चची व्यवस्था जवळजवळ एका वयाची आहेत. कारखाना थोडा थोरला, एवढंच.

शिवनाथ नदी ओलांडली की दुर्ग. गाडी इथे बराच वेळ थांबते. याच स्टेशनावर तीन महिन्यांपूर्वी, २५ जुलैला, केरळच्या दोन सिस्टरांना आणि त्यांच्यासोबतच्या एका आदिवासी तरुणाला अटक झाली होती. नारायणपूर भागातल्या तरुण मुली त्यांच्याबरोबर आग्र्याला नोकरीसाठी निघाल्या होत्या. आरोप लागले ते मानवी तस्करीचे आणि सक्तीच्या धर्मांतराचे. मुली आमच्या संमतीने निघाल्या होत्या, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितल्याचं वर्तमानपत्रांत आलं. बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने २ ऑगस्टला तिघांना जामीन दिला. फलाटावर भजी तळली जात होती, हमाल बसले होते, पोरं पाण्याच्या बाटल्या घेऊन धावत होती. मी खिडकीतून ते बघत राहिलो आणि माझ्या लहानपणी आम्हाला बाराखडी शिकवणाऱ्या सिस्टर मला आठवल्या.

दुर्गनंतर भिलाई नगर, मग भिलाई पॉवर हाउस, मग भिलाई. एका गावाची तीन स्टेशनं. भाऊ पॉवर हाउसला घ्यायला आला होता. आल्या आल्या म्हणाला, ‘‘कुठल्या रुळांवरून आलास माहीत आहे ना?’’ तो रेल मिलमधून निवृत्त झाला. भारतीय रेल्वेचे रूळ वर्षानुवर्षं मुख्यत्वे इथेच तयार होत आले आणि ही गोष्ट भिलाईचा माणूस पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. सांगावीच. आयुष्यभर तापल्या लोखंडासमोर उभं राहिलेल्या माणसाला तेवढा हक्क आहे.

सोव्हिएत संघाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी, आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. दल्ली-राजहऱ्याचं लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक, आणि चार वर्षांत सुरू झालेला दहा लाख टनांचा कारखाना. त्यासाठी आजूबाजूच्या कित्येक गावांची शेतं गेली. मोबदला मिळाला, पण नांगर सुटला तो सुटला. इथला शेतकरी सुरुवातीला कारखान्याच्या कामाला बिचकत होता आणि देशभरातून माणसं येत होती. केरळातून, आंध्रातून, पंजाबातून, बंगालमधून, बिहारमधून. आमच्या वसईतूनही. सेक्टर आखले गेले, एकसारखी क्वार्टर्स झाली, शाळा, बाजार, सेक्टर ९ मधलं मोठं इस्पितळ. मग ज्याने त्याने आपापल्या देवासाठी जागा शोधली.

मावशी सांगायची त्यावरून सुरुवातीची वर्षं डोळ्यांसमोर येतात. चर्चची इमारत नव्हती तेव्हा फादर येतील त्या रविवारी कुणाच्या तरी क्वार्टरच्या पुढच्या खोलीत मिस्सा व्हायचा. टेबलावर धुतलेली चादर, दोन मेणबत्त्या, अंगणात उभी राहिलेली माणसं. प्रार्थना तेव्हा लॅटिनमध्ये, त्यामुळे मल्याळी, तमिळ, गोव्याचे, वसईचे सगळे सारखेच चुकायचे आणि सारखेच सांभाळून घ्यायचे. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ मध्ये संपली, लोकभाषेतली उपासना आली, आणि मग भिलाईकरांपुढे खरा प्रश्न आला, लोकभाषा कोणाची? ठरलं हिंदी. म्हणजे बहुतेकांना ती प्रार्थनेसाठी शिकावी लागली. मावशीचं हिंदी शेवटपर्यंत धड झालं नाही, पण मिस्सा मात्र तिला अख्खा पाठ होता.

पॅरिशला आम्ही वसईत धर्मग्राम म्हणतो, इथे पल्ली म्हणतात. आमची धर्मग्रामं पोर्तुगीज काळातली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, राज्य बदललं, तरी ती टिकली. त्या जुनेपणाचा मला अभिमान आहे, पण त्याबरोबर आलेली ओझीही मला ठाऊक आहेत. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा वाटण्या आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या, सोयरिकी त्या धरूनच झाल्या. भिलाईच्या पल्लीत मूळचा असा कोणी नव्हताच. सगळे गाडीतून उतरलेले. पुढच्या बाकावर बसायचा वारसा घेऊन कोणी आलं नव्हतं. माझ्या भावाने लग्न केलं ते जशपूरकडच्या उराँव आदिवासी मुलीशी, सेक्टरच्या शाळेतल्या शिक्षिकेशी. वसईला तेव्हा थोडी कुजबुज झाली. भिलाईच्या पल्लीत मांदर वाजला.

वहिनींच्या माहेरची श्रद्धा आमच्यापेक्षा पुष्कळ तरुण आहे. छोटा नागपुरात बेल्जियन जेझुइट फादर कॉन्स्टंट लिव्हन्स १८८५ मध्ये आले. जमीनदारांच्या वेठबिगारीत आणि कोर्टकचेऱ्यांत पिचलेल्या उराँव-मुंडा शेतकऱ्यांची बाजू ते घेऊ लागले. ती लाट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जशपूर संस्थानात पोचली. आज कुनकुरीचं १९७९ साली पूर्ण झालेलं प्रचंड चर्च बघायला लांबून लोक येतात. भादोमध्ये नव्या धानाची नवाखानी होते, ती हे लोक देवळात साजरी करतात. मी वहिनींना आगेऱ्याचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘तो फिर आप भी हमारे ही हैं, भैया.’’

इथे इतिहासातली एक गोष्ट मला सारखी टोचत राहिली. १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने नागपूरचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. १९६८ चा धर्मस्वातंत्र्य कायदा त्याच विचारातून पुढे आला आणि छत्तीसगडकडे तो वारशाने आला. समितीची नजर ज्या भागांवर विशेष होती त्यात जशपूर होतं. म्हणजे ज्या दोनतीन वर्षांत भिलाईत देश उभारायला सगळ्यांना हाक दिली जात होती, त्याच वर्षांत त्याच राज्यात जशपूरच्या ख्रिस्ती माणसाच्या देशनिष्ठेवर शंकेची नोंद होत होती. मिशनच्या कामात चुका झाल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. पण त्याच जशपूरची माणसं पुढे भट्टीसमोर उभी राहिली, त्यांनी ओतलेल्या लोखंडाचे रूळ देशभर पसरले, आणि सत्तर वर्षांनी दुर्गच्या फलाटावर तीच शंका पुन्हा उभी राहिली. जुलैपासून पल्लीत एक रीत पडली आहे. सिस्टर प्रवासाला निघाल्या की कोणीतरी बरोबर स्टेशनपर्यंत जातं. बहुधा वहिनीच जातात, गाडी सुटेपर्यंत थांबतात.

रविवारी सकाळी मिस्साला गेलो. चपला बाहेर, बायकांच्या डोक्यावर पदर किंवा ओढणी, एका अंगाला हार्मोनियम आणि ढोलक. प्रवचनात फादरांनी येशूने मृत मित्र लाझारससाठी अश्रू ढाळल्याची गोष्ट सांगितली आणि दु:ख करायला लाजू नका म्हणाले. मिस्सानंतर अंगणात चहा. तिथे मात्र मला दिसलं की भिलाईची पल्ली अगदी एकजीव नाही. सेक्टरमधली माणसं एका बाजूला, वस्त्यांमधली दुसऱ्या. ही रेघ धर्माची नाही, जातीची तर नाहीच, ती कारखान्याची आहे. कायम नोकरीवाल्याला क्वार्टर, इस्पितळ, निवृत्तिवेतन. ठेकेदाराकडच्या माणसाला आजची मजुरी. कामगार नेते शंकर गुहा नियोगी याच रेघेविरुद्ध लढले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेतच त्यांची हत्या झाली, आणि पुढच्या वर्षी १ जुलैला पॉवर हाउस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मारली गेली. मी ज्या फलाटावर उतरलो तोच. आता कारखान्यातली कायम माणसं पूर्वीच्या मानाने फारच थोडी उरली, आणि पल्लीतही वस्तीवाल्यांची बाजू वाढते आहे. ऑक्टोबरभर घरोघर फिरणारी माला विनती, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, यंदा बहुतेक दिवस वस्त्यांमध्येच झाली, असं वहिनी म्हणाल्या. मला ते ऐकून बरं वाटलं. चर्चने कुठल्या बाजूला झुकावं याविषयी माझ्या मनात कधी शंका नव्हती.

दुपारी दफनभूमीत गेलो. वाटेत झेंडूची, मेणबत्त्यांची, उदबत्त्यांची दुकानं मांडलेली. आत थडग्यांच्या रांगा, चुना ताजा. मी सावकाश एकेक दगड वाचत गेलो. मल्याळी अक्षरं, तमिळ अक्षरं, इंग्रजी, हिंदी. जन्मगाव वेगवेगळं, तृश्शूर, कोट्टयम, कुनकुरी, आणि मृत्यूच्या तारखेपुढे सगळ्यांचं एकच. मावशीच्या दगडावर ‘वसई’ मराठीत कोरलेलं आहे. कोरणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घाचं तिने आधीच बजावून ठेवलं होतं म्हणे. एका कोपऱ्यात बांधकाम नसलेली मातीची थडगी आहेत, वर लाकडी क्रूस, ती वस्तीतल्या लोकांची.

फादर जांभळा झगा घालून रांगारांगांतून पवित्र पाणी शिंपडत फिरत होते आणि मला जानेवारीतला एक निकाल आठवत होता. बस्तरमधल्या एका गावात एका पास्टरांचं निधन झालं. गावात पुरू देईनात. देह ७ जानेवारीपासून शवागारात, मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींचं मत वेगवेगळं पडलं, एकाने घरच्या शेतात पुरायला परवानगी द्यावी म्हटलं, दुसऱ्याने नाही. शेवटी गावापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत नेण्याचा आदेश झाला. जो त्याच गावात जन्मला त्याला तिथली माती मिळाली नाही, आणि इथे शेकडो मैलांवरून आलेल्यांना मिळाली. भिलाईची ही जमीन किती मोलाची आहे ते मला त्या दुपारी कळलं.

पण इथेही प्रश्न आहेतच. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं. काहींना ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळाली, बाकीचे गावी परतले किंवा पोरांकडे बंगळुरूला, पुण्याला गेले. थडगी मागे राहिली. त्यांचं कोण करणार? पल्लीने रांगा वाटून दिल्या आहेत. एकेका कुटुंबाकडे एकेक रांग, त्यात आपलं माणूस असो वा नसो. गवत काढायचं, चुना द्यायचा, आणि २ नोव्हेंबरला प्रत्येक थडग्यावर एक मेणबत्ती. एक उराँव बाई पदर खोचून एका मल्याळी थडग्यावरची जुनी मेणं खरवडत होती. ओळखत होतात का, विचारलं. नाही म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, इस्पितळातली नर्स होती म्हणतात, माझी मोठी मुलगी त्याच इस्पितळात झाली, कोण जाणे हिच्याच हातावर झाली असेल.

भावाकडे चौदा थडग्यांची रांग आहे. आईवडील त्यात नाहीत, ते दुसऱ्या रांगेत, एका तमिळ कुटुंबाकडे. परतताना मी त्याला म्हटलं, आता निवृत्त झालास, मुलगी बाहेर, वसईचं घर बंदच असतं, ये की कायमचा. तो म्हणाला, ‘‘मे महिन्यात येतो, चांगला महिनाभर राहतो. लग्नकार्य असेल तेव्हा बोलव, येतो. पण नोव्हेंबरात बोलवू नकोस, माझी रांग आहे.’’