निधान

मुलगा कॉव्हेंट्रीत असतो. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो. आधी आईशी बोलणं, मग सूनबाईचं, मग नातीच्या शाळेतल्या गमती, आणि उरलेली पाच मिनिटं माझ्या वाट्याला. एका जानेवारीत मात्र त्याने आधी मलाच मागितलं. "बाबा, गाडी वळणावर मागून घाबरवते," म्हणाला.

मी जरा वेळ गप्पच राहिलो. वळणावर मागून फिरलेल्या गाडीची एक गोष्ट आमच्या घरात पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ सांगितली जात होती, आणि ती अर्धी खोटी होती. अर्धी खोटी आहे हे दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक आता राहिलेला नाही.

मुलाने घेतलेली गाडी म्हणजे ट्रायंफ स्पिटफायर, 1968 सालची, मार्क तीन. दोन माणसांची, उघड्या टपाची, वजनाने जेमतेम सातशे किलोची. मिकेलॉत्ती नावाच्या इटालियन कलाकाराने तिचं रूप आखलं, आणि 1962 पासून 1980 पर्यंत ती कॉव्हेंट्रीतच, कॅनलीच्या कारखान्यात तयार होत होती. तो कारखाना आता तिथे नाही. गाड्या मात्र आहेत, आणि त्यांना जपणारी माणसंही आहेत.

पण बेळगावच्या माणसाला या गाडीची खरी ओळख वेगळ्याच नावाने. स्पिटफायरचा सांगाडा हेराल्डच्या सांगाड्यावरून, लांबीने कमी करून बेतलेला. आणि हेराल्ड 1961 पासून मद्रासला तयार होऊन 'स्टँडर्ड हेराल्ड' या नावाने आपल्या रस्त्यांवर फिरत होती. आमच्या वडिलांकडे 1967 सालची होती, राखाडी. पुढचं सगळं तोंड बॉनेटसकट पुढे उलटायचं आणि मेस्त्री चक्क पुढच्या चाकावर बसून इंजिनाचं काम करायचे. मुलाने फोटो पाठवला, त्यात तो तसाच चाकावर बसला होता. समुद्रापलीकडे आपल्या घरातलंच भांडं सापडावं, तसं मला झालं.

मे महिन्यात आम्ही दोघं गेलो. ही नातीसाठी लाडू घेऊन, आणि मी सामानात एक ओळंबा, एक पोलादी पट्टी आणि सुतळीचं रीळ घेऊन. माझा उद्यमबागेत लेथचा लहानसा कारखाना आहे. आयुष्यभर मी शतांश मिलिमीटर मोजत आलो. शेवटी गवंड्याचा ओळंबा कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

या गाड्यांचं दुखणं काय, ते आधी सांगायला हवं. मागच्या प्रत्येक चाकाचा अर्धा ॲक्सल फक्त एकाच ठिकाणी, मधल्या डिफरन्शियलजवळ, वाकतो. चाक त्या दांड्याच्या टोकाला काटकोनात पक्कं. म्हणजे पक्ष्याचे पंख खांद्याशी हलतात तसं. गाडीचं बूड खाली बसलं की चाकांची खालची बाजू बाहेर पसरते, आणि बूड वर उचललं की चाकं खालून आत येतात. गाडी वळणावर वेगात असली की बाहेरच्या चाकाला रस्ता आत रेटतो. तो दांडा मग टेकू लावल्यासारखा गाडीला वर उचलू लागतो. गाडी उचलली की चाक आणखी आत दुमडतं, रबराची कडाच तेवढी रस्त्याला टेकते, आणि मागची बाजू एकदम सुटते. त्याच क्षणी माणसाने घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर वजन पुढे जातं, मागची बाजू आणखी हलकी होते आणि जे अर्धवट होतं ते पुरतं होतं.

ही काही एकट्या या गाडीची गोष्ट नव्हे. मर्सिडीजच्या 1954 सालच्या प्रसिद्ध 300 एसएलला असाच मागचा ॲक्सल होता, फोक्सवॅगनच्या बीटललाही होता. अमेरिकेतल्या कॉरव्हेअरला तर पुढच्या चाकांत 15 पौंड आणि मागच्या चाकांत 26 पौंड हवा भरायला सांगत, ती याच स्वभावाला आवर घालायला. राल्फ नेडर यांच्या 1965 सालच्या पुस्तकात त्या गाडीवर एक अख्खं प्रकरण आहे.

मुलाने काय केलं होतं? पोराने हौसेने पैसे घातले होते. मागचा पाटा नवाकोरा, चारही शॉकअप कडक, स्टेअरिंग लहान. "बाबा, सगळं नवं टाकलं, तरी आधीपेक्षा वाईट झाली," असं तो म्हणत होता, आणि ते खरं होतं. मी मागच्या चाकाशेजारी ओळंबा सोडला. चाकाची वरची बाजू बाहेर, खालची आत! नवा पाटा ताठ, त्याने गाडी उचलून धरली होती. म्हणजे वळणावर जे व्हायला नको, ते गाडी उभ्या उभ्याच अर्धं करून बसली होती. जुना दमलेला पाटा खाली बसलेला होता, म्हणून चाकं पसरट होती आणि गाडी त्यातल्या त्यात धरून चालत होती. नव्याने जुन्याचं शहाणपण घालवलं ते असं.

त्याला लगेच पुढची यादी करायची होती. अजून कडक स्प्रिंगा, रुंद टायर, आणखी काय काय. मी म्हटलं, "निधान."

"म्हणजे ठेवा?" त्याने विचारलं. त्याचं कानडी दहावीनंतर सुटलं.

खानापूर रोडवर आमचे एक मेस्त्री होते. हेराल्ड त्यांच्याशिवाय कोणी उघडायची नाही, असा वडिलांचा दंडक. मी शाळकरी वयात त्यांच्या गॅरेजमध्ये पाने पुसत बसायचो. घाईने नट आवळला की ते हात धरायचे: "निधान माडरी, निधान." कानडीत निधान म्हणजे सावकाश, धीराने. मराठीत निधान म्हणजे पुरून ठेवलेलं धन. लहानपणी मला खरंच वाटायचं की मेस्त्री त्या गाडीत कुठेतरी काही पुरलंय म्हणून सांगताहेत.

त्यांची शिकवण साधी. आधी ढिलं काय आहे ते बघा, मग नवं काय घालायचं ते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाचा आणि अवगुण कशाचा हे कळणार नाही. मी वही घातली. डावीकडे काय केलं, उजवीकडे गाडी काय म्हणाली.

सुरुवात टायरांपासून. नक्षी भरपूर होती, पण बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचले: 2309. म्हणजे 2009 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नखाने दाबून पाहिलं, रबर लाकूड झालेलं. शिवाय चारही चाकांत हवा सारखी. चार नवे टायर त्याच मापाचे घातले, रुंद नाहीत, आणि मागे पुढच्यापेक्षा पाच पौंड हवा जास्त ठेवली. एवढ्यानेच निम्मी भीती गेली, असं मुलाने स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं.

मग पुढची बाजू. तिथे चाकाचा उभा दांडा खाली पितळी ठोकळ्यात आट्यांवर फिरतो. ट्रनियन म्हणतात त्याला. त्यात ग्रीस नव्हे, नव्वद नंबरचं गिअर ऑइल लागतं. ग्रीस भरलं की ते आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, पाणी शिरतं, गंज चढतो, आणि एके दिवशी दांडा तुटून चाक आडवं होतं. मेस्त्री तेलाची पिचकारी वेगळी ठेवायचे आणि ग्रीसगन घेऊन कोणी जवळ आला की ओरडायचे. मुलाच्या गाडीत ग्रीसच निघालं. दोन्ही बाजूंचे उभे दांडे आणि ठोकळे नवे घालायला लावले. त्या देशात 2018 पासून चाळीस वर्षांवरच्या गाडीला वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे बघणारं दुसरं कोणी नाही. घरच्यांनीच बघायचं.

बुशांची रबरं काढली तर हातात भुगा आला. ती बदलली. मग दोन्ही बाजूंना स्टँड उभे करून गाडीला समांतर सुतळ्या ताणल्या आणि पट्टीने रिमपर्यंतचं अंतर मोजलं. मागचं डावं चाक तीन मिलिमीटर बाहेर पाहत होतं. गाडी एका वळणावर बरी आणि दुसऱ्यावर द्वाड का, ते तिथे कळलं. रेडियस रॉडच्या ब्रॅकेटमागे पातळ चकत्या असतात, त्या कमीजास्त करून चाक सरळ केलं. हे मोजमाप सीटवर माणसांचं वजन ठेवून करायचं असतं. एका सीटवर ही बसली. दुसरीवर बासमतीची पोती ठेवली. "भाताइतकीच किंमत माझी," ही म्हणाली, आणि सूनबाईने त्याचा फोटो बेळगावला सगळ्यांना पाठवला.

एवढं झाल्यावरच खऱ्या दुखण्याला हात घातला. तो उपाय आमचा नव्हे, गाडी करणाऱ्यांनीच 1970 च्या अखेरीस मार्क चारमध्ये आणलेला. जुन्या पाट्याच्या सगळ्या पाती डिफरन्शियलवर घट्ट आवळलेल्या असतात. नव्या रचनेत बहुतेक पाती मधोमध टेकूवर तराजूसारख्या डोलतात. दोन्ही चाकं एकदम खड्ड्यात गेली तर तो पाटा नेहमीसारखाच काम करतो. पण गाडी एका बाजूला कलली की तो विरोध न करता डोलतो. त्यामुळे मागच्या बाहेरच्या चाकावरचा भार कमी होतो आणि गाडी उचलणारा तो टेकू दुबळा होतो. मात्र कलण्याला कोणीतरी आवरायला हवंच, म्हणून पुढचा अँटी-रोल बार जास्त जाड घालायचा. दोन्ही बरोबर, एकटं एक नाही. मागचं मऊ करून गाडी सुधारते, हे मुलाला पटायला दोन दिवस लागले. आपल्याकडे मद्रासच्या कारखान्याने 1972 साली गॅझेल काढताना वेगळी वाट धरली. मागे सरळ अखंड ॲक्सलच घातला.

आम्ही तसा पाटा आणला, वरची पेटी बदलली, पुढचा बार बदलला. पुन्हा ओळंबा सोडला. आता चाकं खालून किंचित बाहेर पसरलेली. वासरू पाय फाकवून उभं राहतं तशी गाडी उभी होती.

केनिलवर्थच्या बाजूला कुंपणांमधून जाणारे अरुंद वळणाचे रस्ते आहेत. मुलाने मला चालवायला दिली. मी नको म्हणालो. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही उभ्या आयुष्यात एकदाही जोरात चालवताना मी पाहिलं नाही. का?"

तेव्हा मी सांगितलं. जुलै 1977. आंबोलीचा घाट, पाऊस, धुकं. मला लायसन्स मिळून तीन महिने झालेले. शेजारी दादा. उजवं वळण, मी वेगात. मध्येच वळण आवळत गेलेलं दिसलं आणि मी घाबरून पाय काढला. गाडी मागून फिरली आणि डावी बाजू कठड्यावर आदळली. कठडा नसता तर हा लेख लिहायला मी नसतो. दादाचं डाव्या खांद्याचं हाड मोडलं. घरी आल्यावर वडिलांनी विचारायच्या आतच दादा म्हणाला, "मी चालवत होतो." वडील त्याला जे बोलले ते मी दाराआडून ऐकलं. त्याचा हात पुढे कधी पुरता वर गेला नाही. लग्नात अक्षता टाकतानाही तो उजव्या हाताने डावा हात धरायचा. गाडी विकली, आणि 'हेराल्ड वाईट, मागून फिरते' असं आमच्या घरात म्हटलं जाऊ लागलं. मीही म्हणायचो. गाडीला दोष दिला की माझा पाय सुटायचा.

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काकांना कधी विचारलंत, का केलं असं?" विचारलं होतं. एकदाच. दादा हसून म्हणाला होता, "अरे, तुझा पाय आयुष्यभर ब्रेकवर राहिला असता." तो तसाही राहिलाच, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

मी चावी घेतली. वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात पाय हलका पण जागेवर ठेवायचा, बाहेर पडताना हळूच दाबायचा. मेस्त्रींनी हेही सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. एक वळण, दुसरं, तिसरं. चौथं वळण मध्येच आवळत गेलं. पाय उचलायला निघाला. मी तो उचलू दिला नाही. गाडीने मागून जरा अंग हलवलं, पाटा डोलला, आणि ती ओळीवर राहिली. मुलाचा डावा हात दाराच्या कडेवर घट्ट होता, तेवढा मला दिसला.

परत आल्यावर त्याने वहीत उजवीकडे लिहिलं: 'आता सांगून घसरते.' मला वाटतं, सुधारणा म्हणजे एवढीच. त्या ॲक्सलचा स्वभाव गेलेला नाही, जाणारही नाही. वेडेपणा केला तर ती अजूनही फिरेल. पण आता ती आधी बोलते, आणि आपल्याला ऐकायला वेळ मिळतो.

वही मी त्याच्याकडेच ठेवून आलो. पहिल्या पानावर त्याने मोठ्या अक्षरांत 'निधान' लिहिलं आहे. कानडीतलं की मराठीतलं, ते मी विचारलं नाही. येताना ओळंबा मात्र परत आणला. दादाच्या मुलाने नवी गाडी घेतली आहे, आणि त्याला आंबोलीला जायचं आहे. त्यालाही ही गोष्ट पुरती सांगायची राहिली आहे.