ऐकणाऱ्याचें ऋण

मनुष्य लिहितो तो एकटा. परंतु लिहिलेलें पुरें होतें तें दुसऱ्याच्या कानावर पडल्यावर. पेटींत जपून ठेवलेली कविता ही शिवून ठेवलेल्या पण कोणींच अंगांत न घातलेल्या अंगरख्यासारखी असते. ती कोठें आखूड झाली, कोठें ताणते, हें शिवणाऱ्याला तरी कसें कळावें? म्हणूनच ज्यानें दोन ओळी लिहिल्या तो त्या वाचून दाखविण्यासाठीं माणूस शोधूं लागतो. हा नाद ज्यांना आहे त्यांना हें सांगावयास नको. ज्यांना नाहीं त्यांच्यावरहि असा प्रसंग आज ना उद्यां येतोच, कारण लिहिणारा एकादा आप्त किंवा शेजारी प्रत्येकाच्या वाट्यास आलेला असतो. त्यानें वही उघडली म्हणजे आपण काय बोलावें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाहीं. १९०७ सालीं जळगांव येथें कविसंमेलन भरलें, त्यांत त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या वयाच्या मुलानें आपली कविता ऐकविली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनीं त्याला ‘बालकवि’ ही पदवी दिली. तीच पुढें त्याची कायमची ओळख झाली. जाणत्या माणसानें योग्य वेळीं दिलेली दाद काय करूं शकते याचें हें उदाहरण आहे. पुढें १९२३ सालीं पुण्यांत रविकिरण मंडळ स्थापन झालें. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, नाट्यछटाकार दिवाकर अशी मंडळी एकत्र जमत, एकमेकांच्या कविता ऐकत आणि त्यांवर चर्चा करीत. यशवंत आणि गिरीश यांनीं तर गांवोगांवीं कविता गाऊन दाखवून श्रोत्यांना कवितेची गोडी लावली. माधव जूलियन यांनीं वृत्तांचा जो कसून अभ्यास केला त्याचें फळ म्हणजे ‘छंदोरचना’ हा ग्रंथ, आणि त्यावरच १९३८ सालीं मुंबई विद्यापीठानें त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. ऐकणाऱ्याजवळ सहृदयता तर हवीच; पण थोडें शास्त्रहि हवें, असें आम्हांस त्यांच्याकडे पाहून वाटतें.

मंडळाची दुसरीहि एक बाजू असते. चार माणसें वारंवार एकत्र जमलीं कीं तीं एकमेकांसारखीं बोलूं लागतात, तेच तेच शब्द सर्वांच्या कवितेंत फिरूं लागतात, आणि परस्परांची स्तुति हा शिष्टाचार होऊन बसतो. त्या काळच्या कवितेंतील अशा लकबींची थट्टा आचार्य अत्रे यांनीं ‘केशवकुमार’ या नांवानें ‘झेंडूचीं फुलें’ या संग्रहांत केली, आणि महाराष्ट्र पोट धरून हंसला. परंतु याच अत्र्यांच्या हातीं पुढें सोपानदेव चौधरी यांनीं आपल्या निरक्षर आईचीं गाणीं ठेवलीं, तेव्हां हंसणें तर दूरच, तीं प्रसिद्ध झालींच पाहिजेत असा आग्रह त्यांनीं धरला. बहिणाबाई १९५१ सालीं गेल्या. त्यांचीं गाणीं १९५२ सालीं अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपानें निघालीं. ज्या कानाला खोटा सूर तत्काळ टोंचतो त्यालाच खरा सूर तत्काळ ओळखूं येतो. सर्वांना ‘छान’ म्हणणाऱ्याच्या ‘छान’ला जी किंमत उरत नाहीं, ती याच कारणानें.

आमच्या पेठेंत गेलीं कित्येक वर्षें असें एक लहानसें मंडळ चालतें. आठ-दहा घरें आहेत. महिन्याच्या पहिल्या शनिवारीं पाळीपाळीनें एकेका घरीं जमावयाचें. आम्हां उभयतांच्या घरची पाळी श्रावणांत येते. नियम थोडे आहेत, पण ते अनुभवानें ठरलेले आहेत. भ्रमणध्वनी आंतल्या खोलींत ठेवावे. कविता दोनदां वाचावी, कारण पहिल्या वेळीं अर्थ ऐकूं येतो आणि दुसऱ्या वेळीं शब्द. सर्वांचें बोलून होईपर्यंत लिहिणाऱ्यानें मौन पाळावें. कवितेचा खुलासा कवीला करावा लागला तर तो खुलासाच कवितेंत जावयास हवा होता असें समजावें. ‘छान’ हा शब्द एकट्यानें वापरूं नये; काय छान, तें सांगावें. कथेंत ‘मी’ असला तरी श्रोत्यांनीं ‘तुम्हीं असें कां केलेंत?’ असें न विचारतां ‘त्या बाईनें असें कां केलें?’ असेंच विचारावें. सासूसुनेची कथा वाचणारी सून आणि ती ऐकणारी सासू एकाच सतरंजीवर बसलेल्या असतात, तेव्हां या शेवटच्या नियमाचें मोल कळतें! आणि पोहे व चहा वाचनानंतर. आधीं दिल्यास टीकेला धार राहत नाहीं, असा येथल्या गृहिणींचा अनुभव आहे.

हे सर्व नियम ज्या दिवशीं कसोटीस लागले तो प्रसंग सांगण्याजोगा आहे. मंडळांतील एका निवृत्त शिक्षकांच्या पत्नी दीर्घ दुखण्यानंतर निवर्तल्या. चार महिन्यांनीं ते बैठकीस आले आणि त्यांनीं पत्नीवर लिहिलेली कविता वाचली. ज्योत मालवली, घरटें ओस पडलें, वाटेवर अंधार झाला, अशी ती कविता होती. वाचतांना त्यांचा आवाज दोनदां अडला. दुसऱ्यांदा वाचा, असें म्हणण्याचें धैर्य कोणासच झालें नाहीं. दोघी-तिघींनीं डोळ्यांस पदर लावले. मग आपणच बोलण्याच्या ओघांत ते म्हणाले कीं, तिनें दुखण्यांतहि पडल्या पडल्या कापूस मागून घेऊन फुलवाती वळल्या, त्यांचा पत्र्याचा डबा अजून देवघरांत आहे, आणि रोज संध्याकाळीं ते त्यांतली एक निरांजनांत लावतात.

मंडळांत सर्वांत लहान म्हणजे महाविद्यालयांत शिकणारी एक मुलगी. ती हळूच म्हणाली, “काका, ज्योत मालवली असें कोणाविषयींहि म्हणतां येतें. वातींचा डबा मात्र काकूंचाच आहे. तो कवितेंत कां नाहीं?”

घरांत एकदम स्तब्धता पसरली. काकांनीं वही मिटली, चहा न घेतां ते उठले आणि पुढचे दोन महिने आले नाहींत.

त्या दोन महिन्यांत आमच्या घरीं या प्रश्नावर जितका वाद झाला तितका क्वचितच कशावर झाला असेल. एक पक्ष असा कीं, शोक हा कवितेचें रूप घेऊन आला म्हणून तो परीक्षेस बसलेला नसतो; अशा वेळीं मनुष्य दाद मागत नसून सोबत मागत असतो; त्याला काव्यविचार सांगणें म्हणजे सांत्वनास गेलेल्यानें घराच्या भिंती नीट लिंपल्या नाहींत असें म्हणण्यासारखें आहे. दुसरा पक्ष असा कीं, सोबत हवी असती तर ते घरीं भेटले असते. ते वही घेऊन मंडळांत आले, म्हणजे आपलें लिहिणें नीट ऐकलें जावें ही त्यांची इच्छा होती. आणि त्या सबंध बैठकींत त्यांचें नीट ऐकलें तें एकट्या त्या मुलीनें. बाकीचे सर्व त्यांच्या दुःखाकडे पाहत होते, शब्दांकडे नव्हे. दोन्ही पक्ष एकाच पानावर जेवत असल्यामुळें वाद तुटला नाहीं, पण मिटलाहि नाहीं. मुलगी बिचारी तर मंडळ सोडण्याच्या गोष्टी बोलूं लागली होती.

तिसऱ्या महिन्यांत काका आले. कोणाकडे न पाहतां त्यांनीं नवी कविता वाचली. तींत ज्योत नव्हती, घरटें नव्हतें. एक डबा होता. प्रथम तो काठोकाठ भरलेला. मग रोज एकेक वात उणी. आरंभीं तो मनुष्य त्या मोजतो, पुढें मोजणें सोडतो, मग दोन दिवस देवापुढें अंधारच ठेवतो, कारण उरलेल्या वाती त्याला सरूं द्यावयाच्या नाहींत. शेवटीं तो कापूस आणून स्वतः वात वळावयास बसतो. ती वांकडीतिकडी होते, पण पेटते. कविता संपली. या वेळीं ती दुसऱ्यांदा वाचावी असें सर्वांनींच म्हटलें. मग त्यांनीं त्या मुलीकडे वळून विचारलें, “चौथ्या कडव्यांत एक मात्रा कमी पडते, ती तुला जाणवली का?” ती म्हणाली, “जाणवली, काका. पण तिथें तुमचा हात कांपला असेल असें वाटलें.” ती मात्रा अजून तशीच आहे.

यावरून पहिला पक्ष हरला असें आम्ही म्हणणार नाहीं. तेंच वाक्य कोणी चढ्या स्वरांत किंवा हंसून म्हणालें असतें, तर काका कदाचित् पुन्हां आले नसते. दुसऱ्या एका बैठकींत एका तरुणाच्या गझलेवर एका विद्वान् गृहस्थांनीं केलेली कोटी आणि त्यावर उठलेला हंशा आम्हीं पाहिला आहे. त्या तरुणाची गझल कच्ची होती, हें खरें; पण ती पक्की होण्याची वाट त्या हंशानें बंद केली, कारण त्यानंतर तो कोणत्याच बैठकींत दिसला नाहीं. टीका तीच, पण एक कवितेच्या प्रेमांतून निघते आणि दुसरी टीकाकाराच्या स्वतःवरील प्रेमांतून.

आपल्यासमोर कोणी वही उघडली तर दोन गोष्टी कराव्यात असें आम्हांस वाटतें. प्रथम आपण काय ऐकलें तें सांगावें; पुष्कळदां लिहिणाऱ्याला तेवढेंच पुरतें. मग धीर करून, जेथें त्याचें स्वतःचें कांहीं बाहेर राहिलें असें वाटतें ती जागा दाखवावी. आपण त्याला नवें कांहीं देत नसतों. त्याच्याच देवघरांतला डबा त्याच्या हातीं ठेवीत असतों. ज्यानें आपल्यावर विश्वास टाकून आपली वही उघडली, त्याचें तेवढें ऋण ऐकणाऱ्यावर राहतें.